हंटर आणि चौदा नंबरचा पाना

बोलता बोलता मध्येच थांबायची सार्जंटना सवय होती. नुसते थांबायचे नाहीत. उजव्या हाताचं बोट वर जायचं, मान जराशी कलायची आणि डोळे मिटायचे. आमची पहिली भेट वादी कबीरमधल्या बसगाड्यांच्या वर्कशॉपात झाली, तेव्हा ते माझे कागद चाळत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मस्कतला उतरून जेमतेम दोन दिवस झाले होते आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "इंजेक्टर पंप उघडलायस का कधी?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि त्यांचं बोट वर गेलं. मला वाटलं, उत्तर चुकलं. अजून दिलंच नव्हतं ही गोष्ट वेगळी. तेवढ्यात डोंगरापलीकडून गडगडाट उठला, पत्र्याच्या शेडवरून गेला आणि समुद्राकडे विरला.

"जग्वार विमानं. दोन आहेत," डोळे उघडत ते म्हणाले. "दुसरं जरा मागे राहिलं. नवीन पोरगा असणार. हं, तर इंजेक्टर पंप."

नोकरी मिळाली. त्या आठवड्यात आईला पत्र लिहिलं, त्यात कळवलं की फोरमन वसईचा आहे, ख्रिश्चन आहे, मराठी चांगलं बोलतो, पण डोक्याने थोडा इकडेतिकडे आहे. आईने उलट टपाली लिहिलं की मोठ्या माणसांबद्दल असं लिहू नये. आई कणकवलीत बसून बरोबर होती आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून चूक होतो, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. ते कसं कळलं, तेच सांगायचं आहे.

त्यांना सगळे सार्जंटच म्हणत. वीस वर्षं ते आपल्याकडच्या हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे इंजिन सोडून विमानाचं जे काही असतं ते सगळं. पंख, चाकं, ब्रेक, खिळे. निवृत्त झाल्यावर ओमानला आले आणि एका शाळेच्या बसगाड्या चालवणाऱ्या कंत्राटदाराकडे लागले. हा कंत्राटदार म्हणजे आमचा अर्बाब, मालक. आठ बसगाड्या, चार मेकॅनिक, एक शेड आणि समोर दगडगोट्यांचं अंगण, एवढा आमचा कारभार. सार्जंटनी तो एखाद्या लढाऊ तुकडीसारखा चालवला.

सकाळी पाच वाजता आम्ही सगळे, ड्रायव्हरसुद्धा, अंगणाच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून उभे राहायचो आणि माना खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचो. खिळा, नट, खडा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. विमानतळावर असं करतात, कारण बारीकसा खडासुद्धा इंजिनात ओढला जातो आणि पाती मोडतात. बसच्या इंजिनात खडा कसा ओढला जाणार, असं मी एकदा विचारलं. "इंजिनात नाही, सवयीत जातो," ते म्हणाले. शेजारच्या गॅरेजातला पठाण रोज कुंपणाला टेकून हा सोहळा बघायचा. एके दिवशी न राहवून त्याने विचारलं, "क्या गिरा है भाई? अंगूठी?"

"गिरा कुछ नहीं," सार्जंट मान वर न करता म्हणाले. "गिरने से पहले उठा रहे हैं."

गाड्या बाहेर काढताना ते दोन्ही हातांत टेबलटेनिसच्या बॅटी घेऊन समोर उभे राहायचे. बॅटींना नारिंगी रंग दिलेला. दोन्ही हात वर, मग डावीकडे, मग हळूच खाली, मग एकदम फुली. बिचारे ड्रायव्हर दहा-दहा वर्षं गाड्या चालवत होते, त्यांना मागे घ्यायला आणि वळवायला कुणाची गरज नव्हती. पण बॅटीची फुली झाल्यावर पाऊलभर गाडी पुढे गेली तर सार्जंट दिवसभर त्या ड्रायव्हरशी बोलायचे नाहीत. संध्याकाळी गाड्या परत यायच्या तेव्हा कधीतरी मागच्या सीटवर झोपून राहिलेलं एखादं पोर असायचं. ते डोळे चोळत काचेतून हा बॅटीवाला माणूस बघायचं आणि खुलायचं.

एकदा मी जरा वैतागून म्हणालो, "सार्जंट, ही शाळेची बस आहे हो. लढाऊ विमान नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "लढाऊ विमानात एक माणूस असतो, तोही पॅराशूट बांधलेला. ह्यात पन्नास असतात आणि त्यांच्या पाठीवर नुसती दप्तरं."



विमानांवरचं त्यांचं प्रेम मात्र कामापुरतं नव्हतं. ते निव्वळ वेड होतं. खोलीत एका भिंतीवर मदर मेरीची तसबीर आणि तिच्याखाली कॅलेंडरातून, मासिकांतून कापलेली विमानं. छोटंसं नॅट, भाल्यासारखं मिग-एकवीस, जग्वार आणि मधोमध हंटर. हंटरवर त्यांचा विशेष जीव. विसातली बारा वर्षं त्यांनी हंटरच्या पोटाखाली काढली होती. दुपारी जेवणं झाली की विषय कुठूनही निघो, हंटरवर यायचा. "नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरव, कुठे कोपरा लागत नाही," असं म्हणताना त्यांचा हात खरोखरच हवेत फिरायचा. हंटर खाली झेप घेताना एक वेगळाच सूर काढतं म्हणायचे. तो ऐकवण्यासाठी सोड्याच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारायचे आणि "असा, पण आभाळाएवढा" म्हणायचे. चार मेकॅनिक भात आवरता आवरता बाटलीचं संगीत ऐकत बसायचे.

जुन्यावर प्रेम करणारी माणसं नव्याला नाकं मुरडतात. सार्जंट त्यातले नव्हते. परदेशी मासिकात नवीन विमानाचं चित्र आलं की चष्मा पुसून तासभर बघायचे. "माझ्या वेळी हे असतं तर," एवढंच म्हणायचे, आणि त्यात तक्रार नसायची, नुसती भूक असायची. माणसांनाही ते विमानांच्या हिशेबाने ओळखायचे. मला मिग-एकवीस म्हणायचे. मी खूश होतो, कारण ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जातं असं त्यांनीच सांगितलं होतं. वर्षभराने खुलासा झाला. "जोर भरपूर, पण इंधन अर्ध्या तासाचं."

फक्त एका बाबतीत त्यांना बोलतं करता यायचं नाही. एकाहत्तरच्या लढाईत ते एका सीमेवरच्या तळावर होते. आमच्यातल्या कुणीतरी एकदा उत्साहाने विचारलं, तुमच्या हंटरांनी किती रणगाडे उडवले, किती माणसं मारली? सार्जंटनी ताट बाजूला ठेवलं. "मी विमानं जाताना मोजली, येताना मोजली," ते म्हणाले. "मधलं मला माहीत नाही." आणि उठून हात धुवायला गेले.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली की सार्जंट आपली जुनी टोयोटा काढून सीबच्या विमानतळाकडे जायचे. रस्त्याच्या कडेला, कुंपणापासून सभ्य अंतर ठेवून, बॉनेटवर बसायचे. सोबत थर्मास आणि डब्यात बांगड्याचं सुकं. कधी मला न्यायचे. एकदा पोलिसांची गाडी येऊन थांबली. पोलीस तरुण होता, पण आवाज करडा. इथे फोटो काढायला बंदी आहे, म्हणाला.

"कॅमेरा नहीं है," सार्जंट म्हणाले. "मैं देखता नहीं. सुनता हूँ."

पोलिसाला ते काही पटलं नाही. सार्जंटनी त्याला बॉनेटवर बसायला जागा करून दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मनात म्हटलं, आता दोघांनाही आत टाकतात. पोलिसाने डोळे नाही मिटले, पण बसला. सार्जंट सांगत गेले: हे प्रवासी विमान, हे मालवाहू, चार पंख्यांचं, आणि हे, हे ऐक, जग्वार. एकेक नजरेस पडत गेलं तसतसा तो पोरगा हसायला लागला. जाताना त्याने स्वतःजवळचे खजूर दिले आणि म्हणाला, "तू उस्ताद आहेस, पण पुढच्या शुक्रवारी शंभर मीटर मागे बस." पुढच्या शुक्रवारी सार्जंटनी पावलं मोजून शंभर मीटर मागे गाडी लावली.

आता पान्यांविषयी सांगायला हवं, कारण माझी गोष्ट त्यात आहे.

शेडमध्ये भिंतीला लाकडाचा मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची लाल रंगात आकृती काढलेली. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जे ते आपल्या आकृतीवर टांगायचं. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी एकही गाडी अंगणाबाहेर जायची नाही. गाडीत विसरलेलं हत्यार कुठे सरकेल आणि काय अडवेल सांगता येत नाही, म्हणून. रोज संध्याकाळी सार्जंट स्वतः मोजायचे. नियम एकच होता. हत्यार हरवलं तर ओरडून सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला माफी नाही.

हा नियम कुठून आला तेही ते सांगायचे. हवाई दलात नवीन असताना त्यांच्या हातून हंटरच्या चाकाच्या कप्प्यात एक छोटी बॅटरी राहिली. आठवलं तेव्हा चार विमानं उड्डाणाला निघालेली. ते ओरडत धावले. चारही विमानं थांबली, सगळी उघडून बघितली, बॅटरी सापडली. आता आपलं कोर्ट-मार्शल होणार म्हणून ताठ उभे होते, तर पायलट शिडीवरून खाली उतरला, त्यांच्यापाशी आला आणि त्याने हात मिळवला. "थँक यू म्हणाला. ऑफिसर, मला. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो," सार्जंट सांगायचे आणि उजव्या हाताच्या तळव्याकडे बघायचे.

मला तिथे दोन वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. ओमानकडेही हंटर विमानं होती, पण ती दूर दक्षिणेला थुमरैतच्या तळावर. मस्कतकडे क्वचित यायची. ती आता कायमची निवृत्त होणार अशी बातमी आली. त्याआधी दोन विमानं सीबला येऊन एकदा उडणार होती आणि तिथल्या तळावरच्या लोकांना सोबत एक पाहुणा नेता येणार होता. अर्बाबाचा पुतण्या तळावर नोकरीला होता. सार्जंटनी त्याच्या खटारा जीपची तीन महिने अशी सेवा केली की ती जीप स्वतःच लाजली असेल. शेवटी पुतण्या म्हणाला, बुधवारी सकाळी सव्वापाचला येतो, तयार राहा. उशीर झाला तर गेट बंद होतं.

मंगळवारी सार्जंट नवरदेवासारखे झाले होते. दुपारी केस कापायला जायचं होतं, पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायचा होता. चार वाजता ते मला म्हणाले, "आज मोजणी तुझ्यावर." दोन वर्षांत हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

नवरदेव मीही होतो, तेही खराखुरा. दहा दिवसांनी गावी माझं लग्न होतं. मुलगा मस्कतला असतो, ह्या एका वाक्यावर ते जमलं होतं. त्या संध्याकाळी मला मतरहच्या बाजारात होणाऱ्या बायकोसाठी साडीवरचं अत्तर आणि सासऱ्यांसाठी घड्याळ घ्यायचं होतं. सहा नंबरच्या गाडीचं स्टिअरिंगचं काम संपवून मी फळ्यापाशी आलो तर चौदा नंबरच्या रिंग पान्याची आकृती रिकामी. गाडीखाली शिरलो, वर बघितलं, अंगणात बघितलं. अर्धा तास गेला. बाकीचे तिघे कधीच खोलीवर गेले होते. ओरडायचं तर कुणाला? सार्जंटना शोधून काढून सांगायचं, ह्या दिवशी, पहिल्यांदा मोजणी दिली त्याच दिवशी? माझ्या स्वतःच्या पेटीत बाजारातून घेतलेला चौदाचा पाना होता. तो मी फळ्यावर टांगला. लाल रेषेत बरोबर बसला. हरवलेला गाडीत नसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि अत्तर घ्यायला गेलो.

बुधवारी पाच वाजता सार्जंट आले तेव्हा ओळखू येत नव्हते. कडक इस्त्री, चकचकीत बूट, कोटाच्या खिशाला लावायची हवाई दलाची जुनी पितळी खूण शर्टाला लावलेली. निघायला पंधरा मिनिटं होती. तरी सवयीने ते फळ्याजवळ गेले आणि अंधुक उजेडात हत्यारांवरून हात फिरवत गेले. हात चौदापाशी थांबला. आपल्या प्रत्येक हत्याराच्या दांड्याला त्यांनी कानशीने बारीक खाच पाडलेली होती. ह्याला खाच नव्हती.

"एकही गाडी हलणार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काल मोजले होतेस?"

"हो. पूर्ण होते," मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते सगळं वाक्य खोटं होतं.

काल काम झालेल्या गाड्या तीन होत्या. दोन, पाच आणि सहा. त्या शोधा म्हणाले. शाळेला फोन करून गाड्या अर्धा तास उशिरा येतील म्हणून कळवलं. ड्रायव्हर कुरकुरत बाकावर बसले. सार्जंट स्वतः काही कुठल्या गाडीखाली शिरले नाहीत. हात मागे बांधून फळ्याजवळ उभे राहिले. मला वाटलं, इस्त्री मोडेल म्हणून. सव्वापाचला पुतण्याची जीप आली. त्याने हॉर्न वाजवला.

"यल्ला, सार्जंट! गेट बंद होईल."

"पाच मिनिटं," सार्जंट म्हणाले.

मी पाच नंबरखाली पडलो होतो. तिथून मला त्यांचे चकचकीत बूट दिसत होते. सांग, आत्ता सांग, माझं मन म्हणत होतं. बोललास तर दोन मिनिटांत उलगडा होईल आणि हा माणूस जाईल. आणि दुसरं मन म्हणत होतं, बोललास तर नोकरी जाईल, लग्न मोडेल, आई गावात तोंड कुठे दाखवेल? हॉर्न पुन्हा वाजला. पाच मिनिटांची दहा झाली. बूट हलले नाहीत. मग मी पुतण्याचं बोलणं ऐकलं, "मुआफ करा, मला जायला हवं," आणि जीप गेली.

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर मी बाहेर आलो. इतका वेळ जे तोंडात अडकलं होतं ते आता, काही उपयोग उरला नसताना, बाहेर पडलं. "सार्जंट, सहा नंबरवर मी होतो. पाना कालपासून नाही. हा माझा आहे, मीच लावला."

 सार्जंट एवढंच म्हणाले, "बघ मग सहाखाली." ह्या वेळी मी बॅटरी घेऊन नीट पाहिलं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या वर, चासीच्या कडेला, पाना आडवा पडला होता. काल मी दहा वेळा ह्याच जागेखालून हात फिरवला होता. एका वळणावर तो दोन बोटं सरकला असता तर दांडा अडकला असता आणि चाक वळलंच नसतं.  मी तिथेच, गाडीखाली, थोडा वेळ पडून राहिलो.

सार्जंटनी पाना फडक्याने पुसला आणि जागेवर टांगला. माझा माझ्या हातात दिला. "हा घरी ने." मग त्या पांढऱ्या शर्टात, त्या पितळी खुणेसकट, बॅटी हातात घेतल्या आणि आठही गाड्या एकेक करून बाहेर काढल्या.

दहा वाजता अर्बाब आला. शाळेची तक्रार गेली होती आणि तो तापलेला होता. "कौन किया? नाम बोलो. उसका टिकट काटो, खलास."

"अर्बाब, पाना मिल गया," सार्जंट म्हणाले. "जिसका था, उसने खुद बोला."

"नाम?"

"जो खुद बोलता है, हमारे यहाँ उसका नाम नहीं लेते. उसको भेजोगे तो मैं भी जाऊँगा. फिर अगली बार कोई नहीं बोलेगा, और गाड़ी में बच्चे होंगे."

अर्बाबाची नजर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. मग त्याच्या लक्षात आलं, आज हा माणूस इथे नसायला हवा होता. "तुम नहीं गया?" त्याने हळूच विचारलं. सार्जंटनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांचं बोट वर गेलं. डोळे मिटले.  मला काही ऐकू येत नव्हतं. सीब तिथून लांब, मध्ये डोंगर. अर्बाबालाही काही ऐकू आलं नसणार, पण तोही मान खाली घालून उभा राहिला. बऱ्याच वेळाने सार्जंटनी बोट खाली घेतलं आणि इंजिन ऑइल संपत आलंय, मागवायला हवं, असं त्याला सांगितलं.

ठरल्या दिवशी माझं लग्न झालं. सार्जंटनी आहेर म्हणून हत्यारांचा एक संच दिला, प्रत्येकाला खाच पाडलेला. पुढे मी त्यांचा हाताखालचा फोरमन झालो, बायको आली, मुलगी झाली. ती आमच्याच पाच नंबरच्या गाडीने शाळेत जायची आणि घरी येऊन आपल्या अडखळत्या मराठीत सांगायची, "बाबा, सार्जंट अंकलने आज बॅट्स केला." आज माझं जे काही आहे, घर, संसार, मुलीचं शिक्षण, माझ्या हाताखालच्या माणसांचा माझ्यावरचा विश्वास, ते त्या एका सकाळी जाऊ शकलं असतं. ते गेलं नाही ते एका माणसामुळे. हे उपकार मी कुठल्याही आडपडद्याशिवाय मान्य करतो.

पण त्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. हंटर नंतर कुठेच उडताना त्यांना बघायला मिळालं नाही. दर शुक्रवारी बॉनेटवर बसलं की ते माझ्या घशाशी यायचं आणि मी बांगडा गिळून टाकायचो.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं तेव्हा सार्जंट कायमचे वसईला निघाले. साठी उलटली होती, कान तेवढे अजून तल्लख होते. त्याच सुमारास ओमानने नवी एफ-सोळा विमानं घेतली होती. शेवटच्या शुक्रवारी आम्ही सीबला गेलो. बराच वेळ काही आलं नाही. मग एक आलं, अगदी खालून, आणि आमच्या समोर सरळ आभाळात चढत गेलं. सार्जंट उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी विमान ऐकताना पाहिलं.

"बघ, बघ कसं चढतंय," ते म्हणाले. "माझ्या वेळी हे असतं तर."

ते इतके आनंदात होते की मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पाच नंबरखालून मला बूट दिसत होते, जीप दिसत होती, मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. माझ्यामुळे तुमचं हंटर गेलं, सार्जंट.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू पाचच्या खाली दोनदा शिरलास. सहाकडे फिरकला नाहीस. आदल्या दिवशी तिच्यावर काम तर तूच केलेलं."

 मी जवळजवळ ओरडलोच, "मग तुम्ही का नाही गेलात सहाखाली? दोन मिनिटांचं काम होतं! पाना मिळाला असता, तुम्हाला हंटर बघायला मिळालं असतं."

सार्जंट आभाळाकडेच बघत होते.

"पाना मिळाला असता रे," ते म्हणाले. "तू नसतास मिळाला."